दोर मागणारी बाई

माझ्या नावावर एकच गाणं गाजलं, आणि ते मी माझ्या पोराच्या खुनावर रचलं.

पोराचं नाव केस्टर. तेवीस वर्षांचा, फ्रिज दुरुस्त करायचा. या बेटावर बेलमाँट वस्तीच्या चढावर आमचं घर आहे, त्या चढाच्या पायथ्याशी टॅक्सी स्टँड आहे. तिथं एका शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास कुणीतरी त्याला गोळी घातली. रांगेत चाळीस माणसं होती. कुणी ऑफिसातून सुटलेलं, कुणी बाजार घेऊन आलेलं. कोपऱ्यावर टँटी डोरा नेहमीसारखी हातगाडीवर बेक, म्हणजे मैद्याच्या जाड पुऱ्या, तळत होती. पोलिसांनी विचारलं तर चाळीसही जणांनी सांगितलं, आमची पाठ होती. चाळीस पाठी! एवढ्या पाठी तर मिरवणुकीतसुद्धा एका दिशेला नसतात.

मी शाळेचे युनिफॉर्म शिवते, आणि कार्निव्हलच्या दिवसांत गाण्याच्या तंबूत कॅलिप्सो, म्हणजे गावच्या घडामोडींवर स्वतः रचलेली चिमटे काढणारी गाणी, गाते. ‘लेडी सेफ्टीपिन’ म्हणून. गळपट्टीला पिना खोचून ठेवायची सवय, त्यामुळं हे नाव पडलं. पोलिसांनी फाइल कपाटात घातली, तेव्हा मला जे येत होतं ते मी केलं. ‘दोर आण, जेलरबाबा’ रचलं. लोकांनी ते डोक्यावर घेतलं. रोज तीन-तीनदा परत बोलवायचे. मंत्री सभेआधी लाउडस्पीकरवर तेच लावायचे. घरी मशीन चालवतानासुद्धा मी तेच लावून बसायचे, दिवसभर.

चार वर्षं ते गाणं वाजलं आणि चारही वर्षं खून वाढतच गेले. नाक्यावरची टवाळ पोरं, खिशात काय काय घेऊन हिंडणारी, माझ्याच गाण्यावर कंबर हलवायची. ‘दोर’ आलं की सगळी मिळून उडी मारायची. मी खिडकीतून बघायचे आणि संतापायचे, पण गाणं काही बंद केलं नाही.

या जानेवारीत आमच्या चर्चच्या जत्रेत रविवारी दुपारी एक्स्टेम्पोचा सामना होता. त्यात दोन गवई समोरासमोर उभे राहतात, टोपीतून विषयाची चिठ्ठी निघते, नाणं उडवून बाजू ठरते आणि तिथल्या तिथं कडवी जुळवायची असतात. प्रत्येक कडव्याच्या शेवटी सगळा जमाव ओरडतो, ‘सान्झ उमानिते!’ जुन्या बोलीतलं ते पालुपद, त्याचा अर्थ ‘दयामाया नाही’. समोरच्याला सोलून काढायचं, एवढंच त्यात अपेक्षित असतं.

माझ्यासमोर होता लॉर्ड बॅरिस्टर. खरं नाव फिट्झरॉय, बंदरावर कारकून. कोर्टाची पायरी जन्मात चढलेला नाही, पण कोट काळा.

सूत्रधार मिस्टर हॉस्पेडालेस यांनी टोपीत हात घातला, चिठ्ठी उघडली आणि त्यांचा चेहरा पडला. “फाशीनं गुन्हे थांबतात का?” नाणं उडालं. ‘थांबतात’ ही बाजू बॅरिस्टरला. ‘थांबत नाहीत’ ही माझ्या गळ्यात.

आइस्क्रीमवाल्यानंसुद्धा घंटी धरून ठेवली.

“ग्लेंडा,” हॉस्पेडालेस माझ्या कानाशी म्हणाले, “दुसरी चिठ्ठी काढू या.”

“का बरं?”

“अगं, तुझ्या तोंडून हे… बरं नाही दिसत.”

“एक्स्टेम्पोत चिठ्ठी परत टोपीत जात नाही,” मी म्हटलं. “बॅरिस्टरला घाम फुटला असेल तर रुमाल द्या त्याला.”

लोक हसले. खरं सांगते, त्या वेळी माझ्या डोक्यात जिंकण्यापलीकडं काही नव्हतं. बॅरिस्टर मागच्या वर्षी मला हरवून गेला होता, आणि वर्षभर टोमणे मारत होता.

त्यानं सुरुवात केली:

“तुरुंगात मिळते रोटी फुकट, वरती टीव्ही-पंखा,
अशानं चोर भितील कसे, मला येते शंका!
एकाला लटकवा भर चौकात, बघू दे सारं गाव,
पिस्तूल टाकून चर्चकडे मग घेतील सगळे धाव!”

“सान्झ उमानिते!” अंगण दणाणलं. गिटारवाल्यानं माझ्याकडं मान हलवली.

“बॅरिस्टरसाहेब, दोर तुमचा मजबूत आहे फार,
पण मान कुठं आहे हो? दोर कुणाला घालणार?
चाळीस माणसं उभी स्टँडवर, लख्ख होतं ऊन,
चाळीस जणांना दिसला नाही माझ्या पोराचा खून!”

पालुपद आलं, पण दबक्या आवाजात. त्या चाळिसांतले बरेच जण तिथंच बसले होते की! कुणी बूट बघत होतं, कुणी पंख्यानं वारा घेत होतं. बॅरिस्टरनं दुसरं कडवं माझ्या वाढत्या वजनावर गायलं. विषय सोडून होतं, पण लोक सुटल्यासारखे हसले. मग माझी पाळी.

“चार वर्षं मी दोर मागते, घसा गेला बसून,
माझ्याच गाण्यावर पोरं नाचतात, तीही हसून हसून!
दोर राहू द्या, नाव द्या मला, एवढीच माझी आस,
नाव कळलं तरी त्या मानेला मी लावणार नाही फास.”

या खेपेला कुणीच पालुपद म्हटलं नाही. गिटारसुद्धा थांबली. ‘दयामाया नाही’ असं कुणाच्या तोंडून निघेना. पण परीक्षकांचा नियम नियम असतो. पालुपद राहिलं म्हणून अर्धा गुण कापला, आणि बॅरिस्टर जिंकला. फळांची टोपली घेऊन गेला. जाताना त्यातला एक अननस गुपचूप माझ्या पिशवीत घातला होता, ते मी घरी आल्यावर बघितलं.

सोमवारी सकाळी दार वाजलं. टँटी डोरा होती. टँटी म्हणजे आमच्या गल्लीची मावशी, बहात्तर वर्षांची. केस्टर गेल्यापासून दर शनिवारी ती मला मक्याचं सूप आणून द्यायची. दारात भांडं ठेवायची, दोन मिनिटं घुटमळायची आणि जायची. आज शनिवार नव्हता, हातात भांडं नव्हतं. डोक्यावर चर्चची टोपी, हातात पांढरे हातमोजे.

“चल,” ती म्हणाली.

“कुठं?”

“ठाण्यात. मी बघितलंय त्याला.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, तेव्हा मी कात्री टेबलावर आपटली.

“चार वर्षं, टँटी! चार वर्षं माझ्या दारात सूप घेऊन येत होतीस!”

“सूप द्यायला नव्हते येत. सांगायला येत होते.”

“मग जीभ झडली होती का तुझी?”

“तुझ्या दारात पोचले की आतून तुझं गाणं ऐकू यायचं. दोर आण, दोर आण.” तिनं एक हातमोजा चढवला. “गोळ्यांची भीती नव्हती गं मला. माझं काय राहिलंय आता? पण तो पोरगा… बाप्तिस्म्याला मीच त्याला हातात धरलं होतं. मी त्याची धर्ममाता. खुनाला आपल्या कायद्यात दुसरी शिक्षाच नाही. मी तोंड उघडलं असतं, तर दोर मीच ओढला असता.”

मी खुर्चीत बसले. माझ्या पोराच्या मारेकऱ्याला चार वर्षं कुणी झाकून ठेवलं होतं, तर माझ्याच गाण्यानं.

“काल म्हणालीस ना,” टँटी म्हणाली, “फास लावणार नाही. सगळ्या चर्चसमोर म्हणालीस. रात्रभर तेच आठवत होते.”

माझ्या ओठांवर आलं होतं, अगं, ते यमकासाठी होतं. आस म्हटल्यावर फास येणारच. मनात दयाबिया काही नव्हती. आत्ता, त्या क्षणी तर मुळीच नव्हती. मला त्या पोराचं नाव ऐकायचं होतं आणि तो मरायला हवा होता. दोन्ही हवं होतं. टँटी मात्र माझ्याकडं बघत उभी होती, एक हातमोजा घातलेला, एक तसाच हातात.

केस्टरचा फोटो मशीनवर होता. त्याच्याकडं बघायचं मी टाळलं.

“कायदा माझ्या हातात नाही, टँटी,” मी म्हटलं. “पण कोर्टात कुणी मला विचारलं, तर मी दोर मागणार नाही. म्हणाले ते म्हणाले.”

“शपथ?”

“शपथ.”

तिनं दुसरा हातमोजा चढवला.

ठाण्यात कॉर्पोरल तरुण होता. मला बघताच उठून उभा राहिला. “लेडी सेफ्टीपिन! अहो मॅडम, तुमचं गाणं आमच्या सगळ्यांचं आवडतं!” आणि मला मान द्यायचा म्हणून त्यानं फोनवर तेच लावलं. दोर आण, जेलरबाबा, दोर आण. आतल्या खोलीतून कुणीतरी टेबलावर ठेका धरला.

टँटीनं माझा दंड सोडला. ती दाराकडं वळली होती.

“बंद कर,” मी म्हटलं.

“अहो, पण तुमचंच…”

“माझंच आहे, म्हणूनच सांगते. बंद कर ते! यापुढं मी गायचे नाही, आणि माझ्यासमोर कुणी लावायचं नाही.”

त्यानं गाणं बंद केलं. ठेका धरणारा हात एक-दोनदा वाजून थांबला. बाहेर रस्त्यावर हॉर्न ऐकू येऊ लागले. मी बाकावरची धूळ माझ्या स्कर्टनं पुसली आणि टँटीला बसवलं. तिचा हात माझ्या हातात होता.

“कागद घे, बाळा,” टँटी कॉर्पोरलला म्हणाली, “आणि सावकाश लिही. मी बेक तळत होते. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.”