मिस्त्रींना काढलंत का?

आठ महिन्यांपूर्वी कामावरून काढलेला माणूस सकाळी सकाळी दारात उभा दिसला, की नजर चुकवावीशी वाटतेच. मालकालाही वाटली. फर्निचरच्या त्या कारखान्यात अठरा वर्षं काढलेले मिस्त्री, पण आता आत या म्हटल्याशिवाय पाऊल टाकेनात.

"मालक, आज एका मोठ्या कारखान्यातून फोन येईल. तिथल्या बाईच माणसं घेतात. माझ्याबद्दल दोन शब्द बरे बोला."

"दोन काय, दोनशे बोलतो."

"दोनशे नकोत." मिस्त्री ओशाळले. "मागे दोन ठिकाणांहून फोन आले, तेव्हाही तुम्ही भरभरून बोललात, तरी काम हातचं गेलंच. तुम्हाला दोष देत नाही हो. पण बायको विचारते, तुमच्यात काही खोट आहे का? परवा मलाही वाटलं, असेल बुवा."

चहा घ्या म्हटलं तरी ते थांबले नाहीत.

आता यात मालकाचा हात किती होता ते ऐका. कामं निम्म्यावर आली तेव्हा दोघांपैकी एकाला कमी करणं भाग होतं. एक हे मिस्त्री, लाकडावरून नुसता हात फिरवून कुठे किती तासायचं ते सांगणारे. दुसरा मालकाचा मेव्हणा. त्याने बसवलेला ड्रॉवर एकदा लागला, की उघडायला दोन माणसं लागायची. मालकाने काढलं कुणाला, तर मिस्त्रींना! आणि वर सगळ्यांना सांगत सुटला, "त्यांच्या हातात कला आहे, त्यांना कुठेही काम मिळेल. या बिचाऱ्याला कोण घेणार?" असं म्हणताना त्याला आपण फार दयाळू आहोत असं वाटायचं. घरी बायकोही खूश, भाऊ कामावर राहिला म्हणून. पण सगळीकडेच मंदी, सगळीकडेच माणसं कमी करणं चाललेलं. तिथे मिस्त्रींच्या हातातली कला बघायला वेळ होता कुणाला?

दुपारी फोन आला. बाहेर करवत चालू होती, त्यामुळे बोलायचं तर केबिनमध्येच. समोर मेव्हणा बोटांना चिकटलेला सरस खरवडत बसला होता.

"जरा बाहेर बघून ये," मालकाने सुचवलं.

"सगळे आहेत की तिथे, भावोजी," म्हणत तो बसून राहिला.

मालकाने सुरुवात केली. मिस्त्री प्रामाणिक, मिस्त्री वक्तशीर, असा कारागीर शोधून सापडणार नाही. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"एक सांगा," त्या म्हणाल्या. "इतका चांगला माणूस, तर मिस्त्रींना काढलंत का? चांगल्याला कुणी आधी काढत नाही. मी तरी काढणार नाही. त्यांच्यात काही असेल तर आत्ताच सांगा, म्हणजे दोघांचाही वेळ वाचेल."

मालकाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दोन्ही नोकऱ्या गेल्या त्या यामुळेच! आपण जितकं कौतुक करत होतो, तितका ऐकणाऱ्याचा संशय वाढत होता. त्याने मेव्हण्याकडे बघितलं. संध्याकाळी घरी काय होईल तेही डोळ्यांपुढे आलं. मग मिस्त्रींचं ते 'असेल बुवा' आठवलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

"त्यांच्यात काही नाही, बाई. खोट माझ्यात आहे. दोघांतल्या एकाला काढायचं होतं. दुसरा माझा मेव्हणा. त्याला काम येत नाही, तरी मी त्याला ठेवलं आणि मिस्त्रींना काढलं."



"उद्या नऊला पाठवा त्यांना," बाई म्हणाल्या. "आणि हे त्यांनाही सांगा. बिचारे स्वतःतच खोट शोधत असतील."

मालकाने फोन ठेवला. मेव्हण्याचं सरस खरवडणं थांबलं होतं. चेहरा उतरला होता.

"मला काम येत नाही?"

"अरे, तसं नाही..."

"माझे ड्रॉवर तर सगळे गिऱ्हाइकाकडे जातात."

"संध्याकाळी तू गेलास की बाकीचे ते पुन्हा तासून बसवतात. मीच सांगितलंय त्यांना. तुला वाईट वाटू नये म्हणून."

मेव्हण्याने बोटं चोळून उरलेला सरस काढला. चिडला असता तर मालकाला सोपं गेलं असतं.

"तीन वर्षं झाली मला इथे, भावोजी. तुम्ही कुणीच काही बोलला नाहीत, मला वाटलं जमतंय. उद्या मला काढायची वेळ आली आणि कुणाचा असाच फोन आला, तर माझ्याबद्दल काय सांगाल?"

 मालक खुर्चीतून उठला.

"तू आज केलेला ड्रॉवर घेऊन ये," तो म्हणाला. "कुठे चुकलंय ते दाखवतो."