जांभळीच्या वळणावरची हडळ

लोणावळ्यात चिक्की विकत घ्यावी लागते, हडळ फुकट मिळते. पवनेकडं जाणाऱ्या रस्त्यावर जांभळीचं वळण म्हणून एक जागा आहे, तिथली ही हडळ. चिक्कीवाला पुडा बांधता बांधता सांगतो, ती इंग्रज साहेबाच्या बंगल्यातली आया. साहेबानं तिला दरीत लोटलं. जीपवाले म्हणतात, छे, ती नवी नवरी. हळद उतरायच्या आत विहिरीत गेली. वळणाला विहीर नाही, पण विहिरीवाचून गोष्टीला मजा येत नाही. हॉटेलातले वेटर शपथेवर सांगतात की तिचे पाय उलटे आहेत. धुक्यात सुसाट पळणाऱ्या गाडीतून पाय कुणी पाहिले, हे विचारायचं नसतं. विचारलं की गिऱ्हाईक नाराज होतं.

आणि गिऱ्हाईक कोण, तर शिकलेलं. इंजिनियर, बँकवाले, डॉक्टरसुद्धा. शनिवारी यायचं, वळणावर काच खाली करून मोबाईल बाहेर काढायचा, किंचाळायचं आणि ते किंचाळणं जगाला दाखवायचं. मावळातल्या माणसानं दाराला लिंबू-मिरची बांधली तर तो अडाणी. यांनी हडळीचा व्हिडिओ काढला तर ते पर्यटन.

पण खोटं कशाला बोला, खालच्या वाडीच्या अंबूबाईचाही या हडळीवर पुरता भरवसा होता.

वळणाच्या वरच्या अंगाला अंबूबाईचं टीचभर रान उरलं होतं. बाकी जिथं वाडीची गुरं चरायची तिथं आता बंगले होते आणि बंगल्यांना तारा. त्या टीचभर रानात ती रोज भुरीसाठी, म्हणजे तिच्या म्हशीसाठी, गवत कापायची. कापून झालं की भाकरीचा तुकडा दगडावर ठेवायची आणि म्हणायची, "बये, तू तुझ्या जागी, मी माझ्या. मला रांडमुंडीला छळून तुला काय घावणार?" कधीकधी तिला हडळीची दयाच यायची. मेल्यावर तरी बाईमाणसाला जरा टेकायला मिळावं, तर हिच्या नशिबी तिथंही रस्त्याकडेला उभं राहणंच.

भादव्यातल्या एका सकाळी सत्यमनं चहाची कपबशी आपटली. सत्यम हा अंबूबाईचा एकुलता एक पोरगा, खंडाळ्याच्या एका हॉटेलात खोल्या आवरायच्या कामाला. घरात दोघंच.

"आये, सोमवारी वडगावचा व्यापारी येतोय. म्हस द्यायची."

"कुणाची?"

"आपली."

"तुझी म्हस कुटंय? दारात हाय ती माझी हाय."

"चेष्टा नगं. सांजची एकटी त्या वळणावर जातीस. परवा आमच्या हॉटेलातल्या गेस्टला दिसली ती. ड्रायव्हरला ताप भरला."

"ढोसली आसंल त्यानं. ताप कशाचा."

"म्हस ऱ्हायली तर तू गवताला जाणार. गवताला गेलीस तर ती तुला धरणार. मंग लोक माझ्या तोंडात शेण घालतील. सोमवारी म्हस जाणार. बास."

एरवी अंबूबाईनं पोराला चार शब्द सुनावले असते. पण हडळ खोटी आहे असं तिला स्वतःलाच म्हणता येईना, मग भांडायचं कशाच्या जोरावर? नवरा गेल्यावर भुरीच्या आईच्या दुधावर तिनं हा पोरगा वाढवला होता. रात्री जाग आली की गोठ्यातून रवंथाचा आवाज यायचा आणि तिला पुन्हा डोळा लागायचा. तो आवाज आता व्यापाऱ्याच्या टेम्पोत चढणार होता.

दुधाची किटली घेऊन ती लोणावळ्याला निघाली ती पुटपुटतच. तिच्या दुधाच्या घरांपैकी एक घर अश्लेषाबाईंचं. बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि सुट्टीला गावोगाव बुवाबाजीविरुद्ध भाषणं द्यायच्या. भाषणाला माणसं बेताचीच यायची, त्यातली निम्मी चहासाठी, पण बाई मागं हटत नसत.

"बाई, तुमी भुतं काढता म्हणं," अंबूबाईनं दूध मापता मापता विचारलं.

"काढत नाही हो, अंबूबाई. भुतं नसतात, एवढंच सांगते."

"मंग माझ्या पोराला सांगा. पर नुसतं सांगून ऐकायचा न्हाई त्यो. माझी म्हस वाचवा."

शाळेला सुट्टीच होती. सगळं ऐकून बाईंनी पायात चपला घातल्या. "चला. एकच करायचं. ऐकलंय कुणी ते सोडून द्यायचं, पाहिलंय कुणी ते शोधायचं."

दोघी चिक्कीवाल्याकडे गेल्या. त्यानं पाहिली नव्हती, त्याला वेटरनं सांगितलं होतं. वेटरनं पाहिली नव्हती, त्याला चिक्कीवाल्यानं सांगितलं होतं. एका पानवाल्यानं तर आपल्या मेव्हण्याचं नाव घेतलं आणि मेव्हणा शेजारीच उभा होता, तो म्हणाला, "मी? मला तूच सांगितलंस की!" दुपार होईतो एवढं कळलं, की अख्ख्या गावानं ही हडळ एकमेकांकडून उसनी आणली होती. आणखी एक गोष्ट बाईंच्या ध्यानात आली. इंग्रजांच्या काळातली म्हणायची, पण म्हाताऱ्या रिक्षावाल्यांना विचारलं तर लहानपणी कुणीच ऐकलेली नव्हती. सगळी बोलणी रस्ता रुंद झाल्यानंतरची.

शेवटी जीपच्या थांब्यावर श्रीपती भेटला. शेजारच्याच गावचा, अंबूबाईच्या डोळ्यादेखत वाढलेला.

"मी सोता बघितलीय, मावशे," तो छातीवर हात ठेवून म्हणाला. "धुकं आसं, की माझंच बॉनेट मला दिसंना. वळण घेतलं आन् म्होरं उभी! डोस्क्यापासनं ढोपरापत्तुर पांढरीफेक. हात वर. आन् हातात कायतरी चमकत हुतं."

अंबूबाईच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिनं पदर गच्च ओढून घेतला. "मंग रं?"

"मंग काय, वरडली. 'आरं थांऽऽब...' आसं लांब, घोगरं. मी थांबतुय व्हय! पाशिंजर रडाय लागली."

"आणि?" अश्लेषाबाईंनी विचारलं.

"गाडी दाबली. आरशात बघतोय तर मागनं पळतीया आन् शिव्या घालतीया."

"शिव्या? कसल्या?"

श्रीपती बाईंकडं बघून लाजला. "तुमच्याम्होरं कशा सांगू. एक सांगतो. 'तुझ्या जीपला वाळवी लागू दे' म्हणली."

अंबूबाईचा पदरावरचा हात सुटला. ती श्रीपतीच्या जीपभोवती एक चक्कर मारून आली आणि अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, "तवा टपावर निळी ताडपत्री हुती का रं तुझ्या?"

"व्हय की."

"आन् मागच्या दाराला सुतळी बांधल्याली?"

"व्हय. कडी तुटलीया. पर तुला कसं..."

"मुडद्या!" अंबूबाई अशी कडाडली, की थांब्यावरचे सगळे वळून बघायला लागले. "ती मी हुते! चिखलात धावले तुझ्या मागं! भाड्या, लहानपणी तुझा शेंबूड पुसलाय म्या, आन् मला हडळ म्हणतुस!"

मग हळूहळू सगळं उलगडलं. पांढरं म्हणजे खताची रिकामी गोणी. तिचा एक कोपरा आत दुमडून डोक्यावर घेतली की पावसाची खोळ होते. चमकणारा तो विळा. आणि हात वर कशासाठी, तर भारा उचलू लागायला माणूस हवं म्हणून.

ज्यांनी आयुष्यात भारा उचलला नाही त्यांच्यासाठी सांगतो. ओल्या गवताचा भारा डोक्यावरून कोसभर नेता येतो, पण जमिनीवरून डोक्यावर एकट्यानं घेता येत नाही. दुसरं कुणीतरी उचलू लागावंच लागतं. पूर्वी वाडीच्या पाच-सहा बाया मिळून गवताला जायच्या, एकमेकींना उचलू लागायच्या. उचलू लागायला कुणी नाही अशी राहायची ती शेवटची. तिच्यासाठी वळणावर छातीएवढा दगडी बांध होता. त्यावर भारा लोळवून चढवायचा, खाली वाकून डोकं घालायचं आणि चालू लागायचं. पुढं बाकीच्या बाया बंगल्यांवर धुण्याभांड्याला लागल्या. अंबूबाई रोजचीच शेवटची झाली. आणि रस्ता रुंद करणाऱ्यांनी बांध पाडला. कुणाला विचारणार? बांध कशासाठी आहे हे कागदावर कुठंच नव्हतं, तो फक्त बायांच्या मानेला ठाऊक होता.

तेव्हापासून भारा गवतात ठेवून ती रस्त्याकडेला उभी राहायची. आधी मोटरसायकलवाले थांबायचे. एकदा कुणीतरी घाबरून पळालं आणि गोष्ट सुटली. गोष्ट सुटली तसं कुणी थांबेना. कुणी थांबेना म्हणून ही दिवेलागणीपर्यंत उभी, नाहीतर भारा सोडून दोन खेपा. जेवढी जास्त उभी, तेवढी जास्त दिसायची. अशी ही हडळ. एका बाईच्या डोक्यावर भारा चढवायला न थांबणाऱ्या लोकांनी तिला भूत करून ठेवलं.

"म्हंजे इतके दिवस मी भाकरी घालत हुते ती कुणाला?" अंबूबाईनं विचारलं.

"कुत्र्याला, मावशे," श्रीपती म्हणाला, आणि मार चुकवायला जीपच्या पलीकडं गेला. पण अंबूबाई मारायच्या मनःस्थितीत नव्हती. ती जीपच्या पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईतो हसत होती. ज्या हडळीला भिऊन तिनं अमावास्येला नारळ फोडले, ती तिचीच खोळ घालून तिच्याच रानात उभी होती!

त्याच संध्याकाळी अश्लेषाबाई खालच्या वाडीत गेल्या आणि त्यांनी सत्यमला सगळं पटेल असं सांगितलं. त्याला पटलंही. पण त्याचा चेहरा उतरला.

"म्हंजे गेस्ट लोक मोबाईलवर दावत्यात ती माझी आई?"

"हो. म्हणजे भीतीचं काही कारणच..."

"बाई, त्यो व्हिडिओ मी सोता बघितलाय. हसलोय. चौघांना फुडं पाठवलाय." तो उंबऱ्यावर बसला. "आता तर म्हस जाणारच. उद्या हॉटेलात कळलं तर मला हडळीचा पोरगा म्हणतील."

"पण सत्यम, खरं काय ते तर कळलं ना?"

"खरं तुमचंच हाय, बाई. पर त्ये घिऊन मला कामाला जाता येत न्हाई."

बाई बिचाऱ्या बांध परत बांधून मिळावा म्हणून अर्ज करते म्हणाल्या आणि निघाल्या. त्यांनी अर्ज केलाही. तो फिरतोय अजून. अंबूबाईला मात्र त्या रात्री कळून चुकलं, की हडळ पळवणं सोपं होतं. पोराला भीती हडळीची नव्हतीच. लोकांची होती.

सोमवार उजाडला. व्यापारी तिन्हीसांजेला येणार होता. सत्यम सुट्टी काढून घरीच राहिला, आई ऐनवेळी म्हशीला घेऊन कुठंतरी निघून जाईल या धास्तीनं. दुपारी अंबूबाईनं विळा घेतला.

"आता कशाला?" सत्यम म्हणाला.

"दारातलं जनावर उपाशी धाडत न्हाईत, ही आपली रीत हाय. शेवटचा भारा. तूच चल उचलू लागायला, म्हंजे रस्त्यावर हुबं ऱ्हायला नगं."

याला नाही म्हणता येईना. गवत कापून होईतो धुकं उतरलं, भुरभूर सुरू झाली. अंगातला हॉटेलचा शर्ट भिजू नये म्हणून सत्यमनं आईची गोणी डोक्यावर घेतली. भारा बांधून झाला. त्यानं दोन्ही हात घालून तो उचलून पाहिला आणि तसाच खाली टेकवला.

"आये, ह्यो रोज आणतीस?"

"मंग भुरी काय वारा खाती?"

आई समोर असताना रिकाम्या हातानं चालणं त्याला जमेना. "हिकडं आण ती चुंबळ," तो म्हणाला. कापडाची ती गुंडाळी त्यानं डोक्यावर ठेवली, आईनं उचलू लागलं आणि भारा पोराच्या डोक्यावर बसला. त्याच्या मानेतून कट् असा आवाज आला. आई मागं राहिलेला विळा आणायला वळली, तो रस्त्यावर उतरला, तेवढ्यात धुक्यातून एक गाडी आली, सरळ त्याच्या अंगावर. भारा सावरत सत्यमनं एक हात वर केला.

"थांबा! थांबा की वो!"

गाडी कचकन थांबली. आतून किंचाळ्या फुटल्या. ड्रायव्हर मागं बघेल का तर नाही, तशीच उलटी पळवायला लागला. पुढच्या काचेतून सत्यमला चेहरे दिसले. ओळखीचे.

"आवो, माणूस हाय मी! सत्यम! एकशेचार नंबरची खोली! काल तुमच्या चादरी मीच बदलल्या!"

एका पोरीनं मोबाईल त्याच्याकडं रोखला आणि गाडी धुक्यात गडप झाली. सत्यम रस्त्याच्या मध्यात उभा राहिला. गोणीवरून पाणी गळत होतं, मान थरथरत होती, भारा टाकताही येत नव्हता.

"पळाली," तो म्हणाला. "आये, मला बघून पळाली. काल त्यांनी मला पन्नास रुपये टिप दिलती."

"चल, पोरा. भारा जड हुतोय," अंबूबाई म्हणाली. हसू दाबत तिनं पोराच्या तोंडावरचं पाणी पदरानं पुसलं.

 वाडीच्या वाटेवर त्यानं विचारलं, "रोज पळत्यात?"

"रोज न्हाई. कंदीमंदी हारन वाजवून जात्यात."

दारात व्यापारी टेम्पो लावून उभा होता. सत्यमनं भारा भुरीसमोर टाकला. तिनं त्यात तोंड खुपसलं. व्यापारी म्हणाला, "मालक, दावं सोडा, अंधाराच्या आत घाट गाठायचाय."

"म्हस द्यायची न्हाई," सत्यम म्हणाला. मान वळत नसल्यामुळं त्याला सगळ्या अंगानं वळावं लागलं.

"का वो? सौदा झालाय आपला!"

"तिचं गवत आणताना मान लचकलीया माझी. आता कशी दिऊ?"

व्यापारी बरंच बडबडला, मग चहा पिऊन गेला. अंबूबाईनं तेल कोमट केलं आणि पोराला चुलीपुढं बसवलं.

"उद्यापास्नं ड्युटी सुटली की मी वळणावर येतो," तो मान खाली घालून म्हणाला. "आन् ती गोणी फेकून दे. तुला लाल रेनकोट आणतो."

"आण की. मंग लाल हडळ म्हणतील."

"म्हणंनात का," सत्यम म्हणाला. "आये, जरा डाव्या अंगाला चोळ. लय दुखतंय."