शेवटाचे पाच मार्क

माझी भावजय इस्पितळाच्या लॉन्ड्रीत चौदा वर्षं चादरींना इस्त्री करत होती. मग नव्या साहेबांनी फर्मान काढलं, दहावी पास नसेल त्याला दोन वर्षांनंतर कामावर ठेवणार नाही. तिची शाळा नववीतच सुटलेली. बाहेरून परीक्षेला बसली, गणितासकट सगळे विषय एका दमात सुटले आणि भाषेत दोनदा आपटली. घात केला तो निबंधाने.

मी एकतीस वर्षं मुलांना निबंध शिकवून निवृत्त झालेली बाई. माझा भाऊ गेल्यापासून आम्ही दोघीच घरात. म्हटलं, "आता माझ्या हाताखाली ये."

तिचा पहिला निबंध वाचताना मलाच धाप लागली. विषय होता 'माझा छंद'. दीड पानात परिच्छेद एकही नाही. शिवणकाम, शेजारीण, लॉन्ड्रीतला बॉयलर, सगळे एकदम दारातून आत घुसलेले.

"अगं, मध्ये श्वास घे की!"

"बोलताना तरी कुठे घेते मी?" ती म्हणाली. तेही खरंच.

मी तिला कच्च्या कागदाची सवय लावली. आधी सुचेल ते टिपायचं, मग तीनच मुद्दे ठेवून बाकीच्यांवर काट मारायची. सुरुवातीला दोन-तीन वाक्यांत विषय सांगायचा. एका परिच्छेदात एकच मुद्दा आणि त्याला एखादं उदाहरण. शेवटी, या सगळ्यातून काय कळलं ते.

"आणि शेवट सोडायचा नाही. त्याचेच पाच मार्क असतात."

कामावरून आली की ती वाफेने भाजलेल्या बोटांत पेन धरून बसायची. तिसऱ्या महिन्यात तिने 'पाणी' लिहिला आणि लाल पेन कुठे टेकवावं मला कळेना. मी हरखले होते, पण तिला तसं सांगितलं नाही.

परीक्षेच्या दिवशी मी फाटकाबाहेर थांबले. ती उतरलेल्या चेहऱ्याने आली.

"काय विषय होते?"

"शाळेचा निरोप समारंभ. मी मुख्याध्यापक झाले तर. आणि मी पाहिलेला अपघात."

माझा भाऊ रस्त्यात गाडीखाली सापडला तेव्हा ती तिथेच होती. सहा वर्षांत तिने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता आणि मीही विचारलं नव्हतं.

"पहिल्या दोन्हींतलं मला काय ठाऊक?" ती म्हणाली. "म्हणून तो घेतला. सुरुवात केली, तिन्ही परिच्छेद झाले. शेवट नाही झाला."

"वेळ संपली?"

"नाही. वीस मिनिटं होती."

"मग काहीही लिहायचंस! सर्वांनी वाहतुकीचे नियम पाळावेत, एवढं एक वाक्य..."

"त्यांनी पाळले होते, वन्सं."

बसस्टॉपच्या बाकावर तिने मला तिन्ही परिच्छेद सांगितले. पहिल्यात ती दोघं त्याचा नवा चष्मा आणायला निघाली होती. दुसऱ्यात चालणाऱ्यांसाठी हिरवा दिवा लागला, तिच्या चपलेचा अंगठा तुटला, ती वाकली आणि तो पुढे गेला. तिसऱ्यात तो अर्धा तास शुद्धीवर होता. "ताईला आत्ता नको कळवू, तिचा तास चालू असेल," असं तिला सांगत होता.

आमची बस आली आणि गेली. आम्ही उठलो नाही.

ती तीन मार्कांनी नापास झाली. मी साहेबांना जाऊन भेटले. ते अदबीने बोलले, पाणीही विचारलं. पण नियमापुढे त्यांचा इलाज नव्हता. शेवटचा आठवडा तिला नव्या मुलीला मशीन शिकवायला ठेवून घेतलं.

"हुशार आहे पोरगी," भावजय म्हणाली. "दोन दिवसांत हात बसला."

मी पुढच्या परीक्षेचा फॉर्म आणला. तिने तो नीट वाचला आणि माझ्याकडे परत दिला.

"नको, वन्सं. पुन्हा कुठलातरी विषय येईल."

आता ती एका वसतिगृहात भांडी घासते. सकाळी सहाला निघते. मी दार लावून घेते, आणि तिला काय म्हणायला हवं होतं ते मला अजून सुचत नाही.