लाल हात

तुकोजीनं चष्म्याचा स्क्रू सैल केला, भिंग बाहेर काढलं आणि फ्रेमच्या खाचेतून नख फिरवलं. नखाला फिकट गुलाबी पूड लागली. त्याच्या दुकानातली भिंगं घासायची पूड लाल असे, लोखंडाची. ती नखांत बसली की साबणानंही निघत नसे.

"हा कुठं केलात, टीचर?"

"तुमच्या कल्याणरामांकडेच की. पापनाशमला, बस स्टँडपाशी," चंद्रमती टीचर म्हणाल्या. "सकाळी दिला, दुपारी हातात. तुमचंच दुसरं दुकान ना ते?"

"हो," तुकोजी म्हणाला. या दुसऱ्या दुकानाचं तो आज पहिल्यांदाच ऐकत होता.

गेल्या वर्षी मद्रासचा विक्रेता भिंगं घासायच्या नव्या गुलाबी पुडीचा, सेरियम ऑक्साइडचा, डबा दाखवून गेला होता. केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूतून काढतात, दिवसाचं घासणं तासात होतं, म्हणाला. तुकोजीचा खांदा कामातून गेलेला. त्याचा जीव त्या डब्यात अडकला. धाकट्या भावानं, कल्याणरामनं, नमुना घासून पाहिला आणि ओरखडे पडलेलं भिंग पुढं ठेवलं. "आपल्या काचेला सोसत नाही, अण्णा." वर तुकोजीनंच त्याची समजूत घातली होती. आता ते ओरखडे डोळ्यांपुढं आले, मुद्दाम पाडलेले, आणि त्याच्या अंगाची लाही लाही झाली. सख्खा भाऊ!

दुपारी कल्याणराम पापनाशमहून आला. सासऱ्यांच्या पडवीत निवांत घासता येतं म्हणून तो आपल्या वाट्याची भिंगं तिकडे नेई. ज्याचे हात जास्त लाल त्याला आधी वाढायचं, ही घरात वडिलांपासूनची रीत. तुकोजीची बायको राजम कल्याणरामचे लाल हात पाहून हसली.

"आज पण भावजींचाच मान. किती राबतां हो!"

तुकोजीनं तांब्या उचलला. "चल, पाणी घालतों."

परसात केळीच्या बुंध्याशी कल्याणरामनं ओंजळ पुढं केली. पाणी पडलं आणि सगळा लाल रंग एका लोटात वाहून गेला. खाली नखं स्वच्छ, पांढरी. तुकोजी तांब्या रिकामा होईपर्यंत ओतत राहिला.

"पुरे, अण्णा," कल्याणराम हळूच म्हणाला. त्यानं मुठी मिटल्या.

तांब्यावरच्या तुकोजीच्या बोटांची नखं तशीच लाल होती.

"पान मांडलं," राजमनं आतून हाक मारली. "आधी भावजींनाच ना?"

"त्यालाच," तुकोजी म्हणाला. "तोच दमून आलाय."