खांडेनवमीचं लिंबू

बंद गाडी पळायला लागली की तिचा आवाज येत नाही. खरी भीती त्याचीच. चालू गाडी निदान ओरडून सांगते, मी येऊन राहिली म्हणून. बंद गाडी चोरपावलांनी निघते, आणि आपण आत बसलेले असलो तर आपल्यालाच उशिरा कळतं.

मी शालीकराम, देवरी ते चिचगड जीप चालवून केस पिकवलेला माणूस. एकदा जंगलात वाघ आडवा आला, मी हॉर्न दिला, तो बाजूला झाला आणि जाताना मान हलवून गेला. हे तुम्ही खोटं समजा, माझी हरकत नाही. पण आता सांगतो ते खोटं समजू नका, कारण त्या दिवशी मागच्या सीटवर माझी बायको देवकाबाई बसली होती.

दोन हजार आठ सालच्या दसऱ्याच्या सुट्या होत्या. तेव्हा मी एका शाळेची पोरं ने-आण करायचो, म्हणून पोरांना सुटी की मलाही सुटी. आम्ही नवरा-बायको केशोरीला माझ्या साळीकडे, म्हणजे देवकाबाईची बहीण अनुसयाबाई, तिच्याकडे गेलो होतो. तिथून जवळच्या एका गावात जुन्या मालगुजाराच्या नातवानं आजोबांच्या गाड्यांचं संग्रहालय उघडलं होतं. नातू नागपुरात, गाड्या गावात. देवकाबाईनं हट्ट धरला. जन्मभर तुमच्या जीपमध्ये पोत्यासारखी बसली, म्हणे, एकदा राणीसारखी बसू द्या. म्हणून खांडेनवमीच्या सकाळी आम्ही तिघं तिकडं गेलो.

शेडमध्ये पाऊल टाकलं आणि मला परत फिरावंसं वाटलं. दहा-बारा गाड्या अंधारात ओळीनं उभ्या, ताटाएवढे दिवे आमच्याकडं वळलेले. वटवाघळांचा वास. जीपवाल्याला गाडीची भीती वाटावी ही लाजेची गोष्ट, म्हणून मी पुढंच गेलो. देवकाबाईनं मात्र माझी बाही धरली होती.

भोजराज नावाचा राखणदार होता. फोटोसाठी एक लांबलचक काळी गाडी त्यानं बाहेर आणून ठेवली होती, पुढच्या दोन्ही चाकांना विटा लावून. विटा कशासाठी ते मी पाहिलं. अंगण उतरतं होतं, आणि उताराच्या तळाशी बोडी, म्हणजे लहान तळं. ऑक्टोबरची बोडी, काठापर्यंत भरलेली, वर शिंगाड्याच्या वेलांचा हिरवा पसारा.

मी स्टिअरिंगवर बसलो, देवकाबाई मागं. भोजराजनं तिचं दार लावलं आणि सांगितलं की मागच्या दोन्ही दारांचे आतले खटके तुटले आहेत, ती बाहेरूनच उघडतात, कॅमेरा घेऊन आलो की उघडतो. तो शेडमध्ये गेला.

आता अनुसयाबाईचं ऐका. खांडेनवमीला आमच्याकडं गाडी धुतात, कुंकू लावतात, चाकाखाली लिंबू ठेवतात आणि गाडी पुढं घेऊन ते फोडतात. घरच्या ट्रॅक्टरची पूजा आटोपून उरलेली लिंबं तिनं पदरात बांधून आणली होती. इथल्या गाड्यांची पूजा झाली का, असं तिनं भोजराजला आधीच विचारलं होतं. मालकाला ते पटत नाही, असं तो म्हणाला होता. तेव्हापासून तिच्या मनात एकच घोळत होतं. आजच्या दिवशी बिनपूजेची गाडी, आणि तिच्यात आपली बहीण. तिनं बॉनेटला कुंकू लावलं. मग लिंबू घेऊन खाली वाकली. लिंबाच्या जागी वीट होती. तिनं ती काढली. दुसऱ्या चाकाचीही काढली, कारण पूजा अर्धवट ठेवत नाहीत.

मला दिसलं ते एवढंच, की बाजूचं आंब्याचं झाड मागं सरकून राहिलं.

हँडब्रेक ओढला. तो हातात आला, मुळ्यासारखा. मधल्या पेडलवर उभाच राहिलो. पेडल गेलं खाली, गाडी गेली पुढं. उजव्याला मी पाय लावला नाही, रेस दाबून मरायचं होतं का? त्या गाडीत ब्रेक उजवीकडं असतो हे भोजराजनं नंतर सांगितलं, आणि नंतर सांगितलेल्याचा काय उपयोग.

माझ्या बाजूचं दार उघडं होतं, हवेनं फडफडत होतं. उडी मारली असती तर फार तर गुडघे फुटले असते. आरशात पाहिलं. देवकाबाई मागचं दार दोन्ही हातांनी ढकलत होती. तिला पोहता येत नाही. नदीवर गेली तर घोट्याच्या वर पाणी चढू देत नाही. दार हललं नाही. मग तिनं आरशातून माझ्याकडं पाहिलं.

"तुमी उडी मारा जी," ती म्हणाली. "माह्या नादी नोका लागू."

असं म्हणून तिनं मागून माझी कॉलर धरली. दोन्ही मुठींत, गळा आवळेपर्यंत. आता सांगा, माणसानं उडी मारावी कशी?

अनुसयाबाई लिंबू हातात घेऊन मागं धावत होती. एक बगळा खिडकीशी उडत आत पाहत होता. गोंदियाची रेल्वेगाडीही आमच्यामागं पडली असती. बोडीची पार, मातीचा बांध, बाजूला राहिली, काठ आला, आणि पहिल्यांदा आवाज झाला. पाणी फाटल्याचा. काचेवर हिरवा अंधार आला, पायांत थंडगार पाणी शिरलं, गुडघ्यांवर आलं, सीटला लागलं. मी डोळे मिटले. कॉलर अजून आवळलेली होती, म्हणजे ती होती.

मग गाडी थांबली. शिंगाड्याचे वेल चाकांना असे गुंडाळले गेले होते की हत्तीला ओढता आली नसती. चाकं चिखलात रुतली होती. सीटच्या वर पाणी चढत नव्हतं.

भोजराज कमरेएवढ्या पाण्यातून आला, मागचं दार उघडलं आणि हात पुढं केला. देवकाबाई उतरेना. डोळे घट्ट मिटलेले, ओठ पांढरे. मी सांगितलं की आपण थांबलो. भोजराजनं सांगितलं, अनुसयाबाईनं काठावरून रडत सांगितलं. तिच्या मुठी सुटेनात.

"आधी गाडी बंद करा," ती म्हणाली.

गाडी चालूच नव्हती असं सांगायला भोजराजनं तोंड उघडलं. मी त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं ते मिटलं. समोरच्या फळीवर एक पितळी खटका होता, कशाचा ते देव जाणे. मी तो टक्‌ करून ओढला.

"झाली बंद," मी म्हणालो.

तेव्हा कुठं तिनं एकेक बोट सोडवलं, पदर सावरला आणि भोजराजच्या खांद्याला धरून पाण्यात पाय ठेवला. मी मागं राहिलो. गाडी तपासून येतो, असं त्यांना सांगितलं, आणि पाय थरथरायचे थांबेपर्यंत तपासत बसलो.