आदर्श जोडप्याचं अठ्ठाविसावं लग्न

त्राइयान साहेब शनिवारी सकाळी बायकोला न्यायला आले ते हॉर्न वाजवत. घर स्वतःचंच, पण उतरून दार उघडायची सवय मोडली होती.

लुक्रेत्सियाबाई पर्स उचलून निघाल्या. साहेब गावचे नगराध्यक्ष, पण आठवड्याचे पाच दिवस जिल्ह्याच्या शहरात राहत. कामं असत म्हणे. कामाचं नाव देनिसा, वय चौतीस, आणि नोकरी साहेबांच्या प्रसिद्धीची. प्रुत नदीकाठच्या या गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तरीही साहेबांनी तीन निवडणुका एकाच घोषणेवर मारल्या होत्या: 'आधी घर, मग गाव!' दर जानेवारीला नवरा-बायकोचा हसरा फोटो छापलेलं कॅलेंडर घरोघर जाई. या वर्षी फोटोसाठी बाईंचा ब्लाउजसुद्धा देनिसानंच निवडला होता. निळा तुम्हाला खुलतो, म्हणाली मेली.

"आज कुणाचं लग्न?" गाडी वळवत साहेबांनी विचारलं.

"स्मारांदाचं. माझ्या हाताखाली शिकली. तुझ्या ऑफिसातल्या ओव्हिदिउशी."

"हां, तो कंत्राटी होय! चलाख आहे पोरगं. कायम करून टाकू."

"अठ्ठाविसावं जोडपं."

"मग?"

"सत्तावीस वेळा मेणबत्ती धरून उभी राहिले तुझ्या शेजारी. आमच्यासारखा संसार करा म्हणून."

"सकाळी सकाळी सुरू झालं का तुझं? तोंड जरा हसरं ठेव, लोक बघतात."

लोक बघतात हे खरंच होतं. इथल्या लग्नाला धर्ममाता-धर्मपिता म्हणून एक नांदतं जोडपं लागतं. चर्चमध्ये नवरा-नवरीच्या मागे उभं राहायचं, आणि पुढे जन्मभर संसार कसा करायचा ते त्यांना दाखवायचं. नगराध्यक्ष धर्मपिता झाले की नोकरी पक्की होते, म्हणून अर्ध्या गावानं या दोघांनाच धरलं होतं.

लग्नघरी अंगणात अकॉर्डियन रंगात आला होता आणि आलुबुखारची दारू फिरत होती. नवरीच्या डोक्यावर पांढरा जाळीदार व्हेल लावायचा मान धर्ममातेचा. बाईंनी बाकीच्या बायकांना बाहेर पिटाळलं आणि पिना तोंडात धरून स्मारांदाच्या मागे उभ्या राहिल्या. तिच्या आईनं, प्रोफिरानं, कॅलेंडर आज मुद्दाम आरशाशेजारी टांगलं होतं.

"बाई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार गं."

"पहिल्यांदा कळलं, तेव्हा तुम्ही किती दिवस रडलात?"

बाईंनी तोंडातल्या पिना काढल्या. "कोण आहे ती?"

"पोस्टातली. ईस्टरपासून चाललंय. मी विचारलं तर मलाच म्हणतो, साहेबांचं नाही का? मोडलं का त्यांचं घर? उलट दर वेळी निवडून येतात."

"आणि तुझी आई काय म्हणते?"

"आई म्हणते, लुक्रेत्सियाबाईंकडे बघ. कधी तोंडातून ब्र काढला? म्हणून तर सगळं गाव त्यांना मान देतं." स्मारांदा आरशातून बाईंकडे बघत होती. दुसरीत पाढा म्हणून झाला की शाबासकीसाठी बघायची, तशीच. "मी ठरवलंय बाई. तुमच्यासारखंच राहायचं."

बाईंच्या अंगाची लाही लाही झाली. नऊ वर्षं त्या नवऱ्याला मनातल्या मनात शिव्या देत होत्या, आणि त्यात आपण सुटलो असं समजत होत्या. त्याचं वागणं पोरांनी उचललं होतं आणि त्यांचं गप्प बसणं पोरींनी. स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं त्यांना.

"अगं, कसलं सोसणं? भ्याले होते मी! लोक काय म्हणतील, मुलं काय म्हणतील, या वयात जाऊ कुठे. त्याला मोठेपणा तुम्ही चिकटवलात. माझ्याकडे बघून हे लग्न करू नकोस."

"आता?" स्मारांदाचा आवाज चढला. "बाहेर दोनशे माणसं आहेत, बाई! नऊ वर्षं गप्प बसलात आणि आज माझ्याच लग्नात तोंड उघडायचं सुचलं?"

पोरगी चुकीचं बोलत नव्हती. त्यांनी पिना टेबलावर ठेवल्या, अंगणात आल्या आणि अकॉर्डियनवाल्याला हातानं थांबवलं.

"मी आज धर्ममाता होणार नाही," त्या म्हणाल्या. वर्गात बोलायच्या त्याच खणखणीत आवाजात. "आमचा संसार नाहीच. हा माणूस शहरात देनिसाबरोबर राहतो. आमचं बघून कुणी काही शिकू नका. ओव्हिदिउ, तू तर मुळीच नको."

ओव्हिदिउ बुटांकडे बघू लागला. एवढ्यात साहेब पुढे आले आणि त्यांनी बायकोच्या खांद्यावर अलगद हात ठेवला.

"बीपी," ते सगळ्यांना म्हणाले. "सकाळपासून डोकं धरून बसली होती. मी म्हटलं, येऊ नकोस. पण पोरीवर जीव ना!"

"अगं बाई गं!" सगळं अंगण एकदम सुटल्यासारखं बोलायला लागलं. कुणी खुर्ची आणली, कुणी पाणी. बाई ओरडत होत्या, मला काही झालेलं नाही, आणि जितकं ओरडत होत्या तितके लोक त्यांना जास्तच जपत होते. प्रोफिरा रडकुंडीला आली, पाद्रीबाबा कुणासाठी थांबत नाहीत म्हणून. मग दहा मिनिटांत उपनगराध्यक्षांना आणि त्यांच्या बायकोला तयार केलं. त्यांच्याही घरातलं गावाला ठाऊक होतं, पण त्यांचं कॅलेंडर निघत नसे.

बाई चालत घराकडे निघाल्या. मागून वरातीच्या गाड्या हॉर्न वाजवत आल्या आणि चर्चकडे निघून गेल्या. पहिल्या गाडीत स्मारांदा होती. तिनं बाईंकडे बघितलं, आणि मग समोर.

कोपऱ्यावरच्या फाटकात सावेता आजी उभी होती.

"काय हो बाई, बीपी वाढलं म्हणे?"

"बीपी ठणठणीत आहे, आजी. माझा नवरा दुसरीकडे राहतो. नऊ वर्षं झाली."

"ते माहितीये हो सगळ्यांना," आजी कळवळून म्हणाली. "पण आज तुम्ही ते मोठ्यानं बोलायला लागलात ना, म्हणून म्हणते."

चर्चची घंटा वाजू लागली. बाई फाटकाला धरून भर रस्त्यात हमसून हमसून रडल्या. सावेता आजी लगबगीनं आत गेली आणि पाण्याचा ग्लास घेऊन आली. दुसऱ्या हातात तिची स्वतःची बीपीची गोळी होती.