जोह्याच्या बालवाडीचे गणपती

खोटं वाटेल, पण जोह्याच्या बालवाडीतल्या पोरांनी एकदा असे गणपती केले, की पेणच्या निम्म्या मूर्तिकारांनी ब्रश खाडीत टाकून मिठागरावर कामाला जायचं ठरवलं. यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. बालवाडीच्या नमिताबाईंचाही नव्हता. त्यांनी ते गणपती बघितले होते.

त्या साली, म्हणजे शहाण्णवच्या श्रावणात, रोह्याला बालवाड्यांच्या हस्तकलेचं प्रदर्शन होतं. ज्या बाईची पोरं पहिली येतील तिला पेण शहरातली बालवाडी मिळणार, असं ठरलं होतं. नमिताबाईंना पेण हवंच होतं. जोह्याचा चिखल, पोरांची वाहती नाकं आणि "जेवलीस काय गो बाई?" विचारणाऱ्या आया, यांतून सुटायची ही एकच वाट.

पोरांनी शाडूचे गणपती केले. बाई रांगेतून फिरल्या आणि कुणाच्या गणपतीला रताळं, कुणाच्या गणपतीला पडवळ म्हणत गेल्या. बाकीची पोरं खिदळत होती. ज्याची पाळी येई तेवढाच रडे. चार वर्षांच्या किमयानं आपला बाप्पा पावसात भिजू नये म्हणून त्याला मातीचंच इरलं घातलं होतं.

"देवाला भाताच्या लावणीला धाडतेस काय गं?" म्हणत बाईंनी त्याच्या पोटात अंगठा खुपसला.

मग सगळे गणपती पाटीत कोंबून त्या शेजारच्या गणपतीच्या कारखान्यात गेल्या. किमयाची आई काशीबाई तिथं माती तुडवायची. उरलेली माती आहे, असं सांगून बाईंनी पाटी तिच्यापुढे उपडी केली. काशीबाई लुगडं खोचून चढली आणि तुडवू लागली. दारात किमया उभी होती. ती रडली नाही. आईचे पाय वरखाली होताना बघत राहिली. बदल्यात मालकानं साच्यातले तेवढेच गणपती काढून दिले.

पुढे शिकवणी सुरू झाली. फूटपट्टी हातावर आणि प्रश्न तोंडावर: कुणी केला? "मी" म्हटलं की खाऊ, नाही तर पट्टी. थोड्याच दिवसांत पोरांना ते इतकं पटलं, की कुणाचा गणपती सरस यावरून ती एकमेकांना चावू लागली. सगळ्यांत घडाघडा बोलायची ती किमया.

प्रदर्शनाच्या दिवशी टोपली उचलायला बाईंनी काशीबाईला कारखान्यातून तशीच एसटीत चढवलं. रोह्याला परीक्षक म्हणून आलेल्या आजीबाई मूर्ती बघून हरखल्या. पहिल्या नंबराची ढाल त्यांच्या हातातच होती. तेवढ्यावर नमिताबाईंनी थांबायचं, तर त्यांच्या जिभेला पाय फुटले. पोरं डोळे मिटून मूर्ती घडवतात, म्हणाल्या. किमयाच्या गणपतीच्या उंदरामागे तर गावातलं मांजर लागलं होतं, त्याला काठीनं हाकलावं लागलं. सगळे हसले. मग बाईंनी किमयाला पुढे ढकललं आणि कौतुकानं म्हणाल्या, "दाखव गं आजींना, तू केलेला बाप्पा कुठचा?"

किमयानं रांगेतल्या मूर्तींकडे एकवार बघितलं. मग ती वळली. मागे काशीबाई रिकामी टोपली धरून उभी होती. तिच्या टाचांवर शाडू वाळून पांढरा झाला होता.

"माझा हितं नाय," किमया म्हणाली. "माझा आयेच्या पायाला लागलाय."